जुन्या ध्वनिवर्धकांचा जीर्णोद्धार

जुना रेडिओ बाजारात विकावयास आला म्हणजे त्याच्या निरनिराळ्या अवयवांचे वाटेकरी ठरलेले असतात. लाकडी पेटी कोणी दिवाणखान्याच्या शोभेसाठी नेतो. ट्रान्सफॉर्मरमधील तांबे भंगारवाल्याच्या तराजूत जाते. मागे राहतो तो पेटीच्या तोंडाशी, जाळीदार कापडामागे बसविलेला ध्वनिवर्धक, ज्यास आपण नित्याच्या व्यवहारात स्पीकर म्हणतो. त्याचा कागद फाटलेला असतो, पाठीमागील लोखंडास गंज चढलेला असतो, आणि विकणारा त्याची किंमत करतो ती लोहचुंबकाच्या वजनावरून. बडोद्याचा शुक्रवारचा बाजार, अहमदाबादेस साबरमतीच्या काठी भरणारा रविवारचा गुजरी बाजार, मुंबईचा चोरबाजार, कोठेही जा, प्रकार सारखाच. आज बोलावयाचे आहे ते ह्या वजनावर विकल्या जाणाऱ्या वस्तूविषयी. ती हौसेने विकत घेणारे लोकही आहेत, आणि त्यांच्याशीच मला विशेष बोलावयाचे आहे. कारण माझे मत असे आहे की, भंगारवाल्याच्या हातोड्याने होते त्याहून फारशी कमी हानी हौशी माणसाच्या उतावळ्या दुरुस्तीने होत नाही. भंगारवाला निदान दुरुस्ती केली असे म्हणत नाही.

बडोद्यात ह्या विषयास थोडे वेगळे महत्त्व आहे. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १८८६ साली, येथे मौलाबक्ष ह्यांच्या हाताखाली गायनशाळा निघाली. उस्ताद फैयाजखाँ हे येथील दरबारगायक. १९५० साली त्यांचे निधन झाले तेही ह्याच शहरात. बडोदे संस्थानाचे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते व ते १९४८ च्या डिसेंबरात ऑल इंडिया रेडिओकडे आले. त्यानंतर १९४९ च्या एप्रिलमध्ये अहमदाबादचे केंद्र सुरू झाले. फैयाजखाँचा आवाज भरदार आणि खर्जात रमणारा. आज तो आपल्यापर्यंत पोचतो तो ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतून आणि नभोवाणीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून. रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात ज्यांच्या घरी त्या काळी व्हॉल्व्हचा रेडिओ अथवा ग्रामोफोन होता, त्यांनी हा आवाज ऐकला तो कागदी शंकूच्या, आठ किंवा दहा इंच व्यासाच्या एकाच ध्वनिवर्धकातून.

आता गंमत पाहा. त्या तबकड्यांवर दर सेकंदास सुमारे पाचसहा हजार कंपनांपलीकडचे फारसे काही उपयोगाचे नसते, आणि मध्यम लहरींवरील प्रक्षेपणाची मर्यादाही साधारण तेथेच येते. त्या काळचे कागदी ध्वनिवर्धक नेमके ह्याच टापूत उत्तम बोलतात. म्हणजे तबकडी, प्रक्षेपण आणि ध्वनिवर्धक ह्या एकमेकांच्या मापाने घडलेल्या वस्तू होत. हीच तबकडी आजच्या, वीस हजार कंपनांपर्यंत पोचणाऱ्या ध्वनिवर्धकावर लावली की लाखेची खरखर पुढे येते आणि गाणे मागे राहते. ह्यावरून जुने ते सर्व सोने असे मला सुचवावयाचे नाही. आजचे ध्वनिमुद्रण आजच्याच यंत्रावर ऐकावे. परंतु जुन्या आवाजाची जोडी ज्या वस्तूशी होती ती वस्तू एकदा नाहीशी झाली, म्हणजे तो आवाज त्या काळच्या लोकांनी कसा ऐकला हे सांगण्यास दुसरा साक्षीदार उरत नाही.

ध्वनिवर्धकाचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये एक अरुंद वर्तुळाकार फट असते. त्या फटीत बारीक तारेचे एक हलके वेटोळे लोंबत असते. ह्यास व्हॉइस कॉइल म्हणतात. तारेतून आवाजाचा विद्युत्प्रवाह वाहू लागला की वेटोळे पुढेमागे सरकते, त्यास चिकटलेला कागदी शंकू हवेला ढकलतो, आणि तोच आपण ऐकतो तो आवाज. वेटोळे फटीच्या मधोमध राहावे म्हणून मागे वळ्यावळ्यांची एक लवचीक चकती असते. कारागीर तिला स्पायडर म्हणतात. कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम ह्या दोघांनी हलत्या वेटोळ्यास कर्णा जोडून १९१५ साली मोठा आवाज काढून दाखविला. पुढे १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग ह्या संशोधकांनी कर्ण्यावाचून, केवळ कागदी शंकूने, सरळ हवेत आवाज कसा सोडावा हे सिद्ध केले. आज आपल्या खिशातील दूरध्वनीत जो इवलासा ध्वनिवर्धक असतो, त्याची जातकुळीही हीच.

ह्या रचनेत काळाबरोबर सर्वांत अधिक बदलला तो लोहचुंबक, आणि म्हणून वस्तूचे वय ठरविताना प्रथम त्याकडे पाहावे. आरंभी पुरेसा बलवान असा कायमचा लोहचुंबक स्वस्तात मिळत नसे. तेव्हा लोखंडाच्या गाभ्याभोवती हजारो वेढ्यांची तार गुंडाळून, तीतून सतत वीज खेळवून लोहचुंबक तयार करीत; हीच फील्ड कॉइल. जपानच्या मिशिमा ह्यांनी १९३१ साली निकेल व अल्युमिनिअम मिसळलेले एक चुंबकीय पोलाद शोधून काढले, आणि त्याच वंशात पुढे कोबाल्ट घातलेला अल्निको जन्मास आला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ध्वनिवर्धकांवर पाठीमागे लहानसा, उंच, पेल्यासारखा चुंबक दिसला तर तो बहुधा अल्निको समजावा. १९५० च्या दशकापासून फेराइटची, म्हणजे भाजलेल्या काळ्या मातीसारख्या दिसणाऱ्या पदार्थाची, रुंद व चपटी कडी येऊ लागली. १९७८ मध्ये आफ्रिकेतील झाईर देशाच्या खाणींच्या प्रदेशात लढाई पेटून कोबाल्टचे भाव भडकले, तेव्हा अनेक कारखान्यांनी अल्निकोचा नाद सोडला. पाठीमागील एका लोखंडी तुकड्यावरून असा पन्नास वर्षांचा इतिहास वाचता येतो.

वयाचा अंदाज झाला की कुळाचा शोध घ्यावयाचा. येथे घाईने फसगत होते. उदाहरणार्थ, पट्टीवर 'शिकागो' असे अक्षर दिसले की घेणाऱ्यास वाटते, वस्तू अमेरिकन! महात्मा गांधी, पंडित नेहरू ह्यांच्या जुन्या छायाचित्रांत त्यांच्यापुढील ध्वनिक्षेपकावर 'शिकागो रेडिओ' ही अक्षरे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. ही पेढी मुंबईची, मोटवाने कुटुंबाची. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतून नेत्यांचा आवाज लाखांच्या समुदायापर्यंत पोचविण्याचे काम तिने केले. तेव्हा अशा पट्टीचा कर्णा हाती आला तर अमेरिकन म्हणून दुप्पट किंमत देऊ नये, आणि देशी म्हणून भंगारातही टाकू नये. माझ्या मते त्याचे मोल अमेरिकन वस्तूहून आपल्यास अधिक आहे. त्याचप्रमाणे मर्फी हे नाव मूळ इंग्लंडचे असले तरी मर्फीचा रेडिओ ठाण्याच्या कारखान्यातलाही असू शकतो.

खऱ्या अमेरिकन ध्वनिवर्धकावर मात्र बहुधा अंकांचा एक छाप सापडतो. त्यातील पहिले तीन अंक कारखान्याचे असतात, २२० म्हणजे जेन्सन, १३७ म्हणजे सी. टी. एस.; त्यांच्यापुढील अंक वर्षाचे व आठवड्याचे. वर्षाचा एकच अंक दिलेला असेल तर १९४६, १९५६ की १९६६ हा प्रश्न उरतो, आणि तो सोडविण्यास पुन्हा चुंबक, तारेवरील वेष्टन, कागदाची घडण अशा बाजूच्या पुराव्याकडे वळावे लागते. इतिहासाच्या अभ्यासकाने ताम्रपटाची मिती पडताळून पाहावी तसेच हे. इंग्रजी बनावटीवर असे अंक क्वचित. तेथे जुन्या जाहिराती उपयोगी पडतात. 'वायरलेस वर्ल्ड' ह्या इंग्रजी मासिकाचे अनेक दशकांचे अंक आता संगणकावर वाचावयास मिळतात, आणि त्यांतील जाहिरातींत गुडमन्स, व्हार्फडेल, सेलेस्शन अशा कारखान्यांची चित्रे, मापे व किमती येतात. व्हार्फडेलचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज ह्यांनी १९४८ साली ध्वनिवर्धकांवर एक पुस्तक लिहिले. सामान्य माणसास समजेल अशा खेळकर भाषेत तांत्रिक विषय कसा सांगावा ह्याचा तो नमुनाच होय. ह्याच गृहस्थांनी १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये श्रोत्यांची सभा भरवून प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिवर्धकातून आलेले वादन एकापाठोपाठ ऐकविले होते.

एक साधे मापनही पुष्कळ सांगून जाते. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा मल्टिमीटर व्हॉइस कॉइलच्या दोन टोकांस लावावा. मीटरवर दिसणारा रोध हा ध्वनिवर्धकाच्या नाममात्र संरोधाहून थोडा कमी असतो. बारा ओहमांच्या आसपास आकडा आला तर वस्तू पंधरा ओहमांची, म्हणजे बहुधा इंग्रजी वळणाची. अडीचच्या आसपास आला तर तीन ओहमांची, रेडिओतील. काटा मुळीच हलला नाही तर मात्र लगेच निराश होऊ नये. जुन्या रेडिओत ध्वनिवर्धकाच्या चौकटीवरच एक लहान ट्रान्सफॉर्मर बसविलेला असतो, आणि त्याची केसासारखी बारीक तार दमट हवेत हिरवी पडून तुटते. मेलेला असतो तो ट्रान्सफॉर्मर, आणि दोष जातो ध्वनिवर्धकाच्या माथी. पुष्कळ निर्दोष ध्वनिवर्धक ह्या एका गैरसमजापायी बाजारात येतात. घेणाऱ्याचा त्यात लाभच आहे म्हणा.

आता फील्ड कॉइलकडे वळतो, कारण येथे दुरुस्तीचा खरा कस लागतो. ध्वनिवर्धकास दोनच्या ऐवजी चार किंवा पाच तारा निघालेल्या दिसल्या की तो फील्ड कॉइलचा, असे समजावे. जुन्या रेडिओत ही कॉइल दोन कामे करीत असे. एक तर ती लोहचुंबक बनवी. शिवाय रेडिओच्या उच्च दाबाच्या विजेतील चढउतार गाळून ती सपाट करी. समजा, कॉइलचा रोध १,५०० ओहम आहे आणि तीतून ६० मिलिअँपिअर वीज वाहते. तर तिच्यावर ९० व्होल्टचा दाब खर्च होतो. रेडिओ रचणाऱ्याने हे ९० व्होल्ट हिशेबात धरूनच पुढील सर्व भाग निवडलेले असतात. पुढे कोणी दुरुस्त करणारा येतो, जुना ध्वनिवर्धक काढतो, नवा चुंबकाचा ध्वनिवर्धक बसवितो, आणि फील्ड कॉइलच्या जागी उरलेल्या दोन तारा एकमेकींस जोडून मोकळा होतो. रेडिओ चालतो, गुणगुणतो, ठरलेल्याहून ९० व्होल्ट अधिक दाब सोसतो, आणि काही दिवसांनी कंडेन्सर फुगून बंद पडतो. मग दोष दिला जातो तो 'जुन्या मालाला'.

बदल करणे भागच असेल तर त्या जागी योग्य चोक आणि रोध असे घालावेत की त्यांची बेरीज मूळ कॉइलइतकी भरेल, आणि रोध इतका जाड निवडावा की वर सांगितलेल्या उदाहरणातील साडेपाच वॅटची उष्णता तो सहज सोसेल. परंतु असा बदल हा शेवटचा उपाय समजावा असे माझे मत आहे. तुटलेली फील्ड कॉइल पुन्हा गुंडाळता येते. विजेच्या मोटारींची कॉइल भरणारे कारागीर आजही प्रत्येक शहरात आहेत. त्यांना जुनी तार नमुन्यादाखल द्यावी, तिची जाडी सूक्ष्ममापकाने मोजून द्यावी, वेढ्यांचा अंदाज व मूळ रोध लिहून द्यावा. कारागीर पहिल्यांदा हसेल, कारण इतकी बारीक तार त्याच्या नित्याच्या कामात येत नाही. पण १८९० साली ज्या शहरात कलाभवन निघाले व हाताच्या कौशल्यास विद्येची प्रतिष्ठा मिळाली, त्या बडोद्यात असे काम समजून घेणारा माणूस भेटत नाही असे होऊ नये. वृद्ध कारागीर आहेत तोवर हे काम करून घेण्यात शहाणपण आहे; त्यांच्या मुलांनी हा धंदा बहुतेक ठिकाणी सोडला आहे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. व्हॉल्व्हच्या यंत्रात २५० ते ३५० व्होल्टचा एकदिश दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो. काही जुने रेडिओ एसी व डीसी अशा दोन्ही विजेवर चालावेत म्हणून ट्रान्सफॉर्मरवाचून बनविलेले असत. त्यांची लोखंडी बैठक थेट घरच्या विजेच्या तारेशी जोडलेली असू शकते. अशा यंत्राच्या बैठकीस हात लावणे म्हणजे खांबावरील तारेस हात लावणे होय. ज्यास ह्या कामाची सवय नाही त्याने आतील भाग जाणत्याकडूनच तपासून घ्यावा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर ध्वनिवर्धक न जोडता चालूही करू नये. त्याचा शेवटचा ट्रान्सफॉर्मर त्याने जळू शकतो.

कागदी शंकूची दुरुस्ती मात्र घरी करता येते, आणि तीत एक प्रकारचा आनंदही आहे. आपल्याकडे उत्तरायणास पतंगाचा जो पातळ कागद मिळतो तो ह्यासाठी चांगला. रंगीत घेऊ नये, ओल्या गोंदाने रंग फुटतो, पांढरा घ्यावा. सुताराचा पांढरा गोंद पाण्याने पातळ करावा, फाटलेल्या कडा एकमेकींस बिनचूक मिळवाव्यात, आणि कागदाची पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडून, तिच्या दशा पसरतील अशी मागील बाजूने चिकटवावी. हे सर्व थोडक्यात, अगदी थोडक्या वजनात, उरकावे. एक हिशेब सांगतो. आठ इंची ध्वनिवर्धकात हलणाऱ्या भागाचे, म्हणजे शंकू व वेटोळे ह्यांचे, वजन दहा ग्रॅम धरा आणि त्याची स्वाभाविक कंपने सेकंदास ८० धरा. दुरुस्त करणाऱ्याने सढळ हाताने दोन ग्रॅम गोंद व कागद चढविला तर ती कंपने ८० वरून सुमारे ७३ वर उतरतात, आणि आवाज दीड डेसिबेलहून अधिक मंदावतो. जोडीतील एकावर असे झाले तर दोन्ही ध्वनिवर्धक पुन्हा कधी एका सुरात बोलत नाहीत. शिवाय वजन एकाच बाजूस पडले तर वेटोळे तिरपे होऊन फटीच्या भिंतीस घासू लागते. तबल्याच्या शाईचा थर किंचित वाकडा बसला तर काय होते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगणे नको.

घासण्याचा आवाज ओळखण्यास यंत्र लागत नाही. दोन्ही हातांच्या बोटांनी शंकू समतोल दाबावा आणि कान जवळ न्यावा. वाळूवर पाऊल पडावे तसा आवाज आला तर एक तर वेटोळे सरकले आहे, नाही तर फटीत लोखंडाचा कीस शिरला आहे. फार जुन्या ध्वनिवर्धकांत स्पायडर मध्यभागी एका स्क्रूने धरलेला असतो. तो किंचित सैल करून कागदाच्या पातळ पट्ट्या फटीत सभोवार घालाव्यात, वेटोळे मध्यावर आणावे व स्क्रू पुन्हा आवळावा. कीस काढण्यास चिकटपट्टीची अरुंद घडी फटीत फिरवावी. परंतु अल्निकोचा चुंबक सफाईसाठी त्याच्या लोखंडी घरातून कधीही बाहेर काढू नये. तो घराबाहेर आला की त्याची शक्ती पुष्कळशी निघून जाते, आणि परत बसविल्याने ती परत येत नाही. ह्या एका अज्ञानाने उत्तम ध्वनिवर्धक कायमचे मुके झालेले आहेत. बाहेरून सर्व काही ठाकठीक दिसते, हीच त्यातील वाईट गोष्ट.

१९७० नंतरच्या ध्वनिवर्धकांचे दुखणे निराळे. त्यांच्या शंकूच्या कडेस स्पंजाची वळी असते, आणि आपल्या हवेत ती पंधरावीस वर्षांत चिकट भुगा होऊन गळून पडते. तशी नवी वळी विकत मिळते. तिचे माप व मऊपणा मूळच्याशी जुळला पाहिजे, एवढेच. अमेरिकेच्या एडगर व्हिल्चर ह्यांनी १९५४ साली हवाबंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करण्याची रीत आणली. त्या पद्धतीच्या पेटीस कोठेही चीर राहू देऊ नये, स्क्रूचे एखादे भोकही नाही.

ह्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की वस्तू मुळात कशासाठी घडविली होती. सभागृहांतून व चर्चमधून निघालेल्या उभ्या, अरुंद, लाकडी पेट्या कधीकधी बाजारात येतात. आत एकाखाली एक असे चार-सहा लहान ध्वनिवर्धक असतात. घेणारा पेटी फोडतो, ध्वनिवर्धक सुटे करतो आणि मित्रांत वाटतो. ही पेटी म्हणजे एक सलग वाद्य आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. उभ्या रांगेतील ध्वनिवर्धक एकाच वेळी बोलू लागले म्हणजे समोरच्या दिशेस त्यांचे आवाज मिळतात व वरखाली एकमेकांना पुष्कळसे मारतात. त्यामुळे आवाज माणसांच्या कानांकडे जातो, घुमटाकडे जाऊन प्रतिध्वनी माजवीत नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये १९५० च्या दशकाच्या आरंभी अशा उभ्या पेट्या बसविल्या गेल्या; मागील पेट्यांचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडण्याची सोयही तेथे केली होती, म्हणजे वक्त्याकडून आलेला आवाज आणि पेटीचा आवाज श्रोत्याच्या कानी एकाच सुमारास पडावा. आमच्या कॅथलिक चर्चमधून १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषांत होऊ लागली, आणि मग दगडी भिंतींत प्रत्येक शब्द स्पष्ट कळणे ही निकडीची गोष्ट झाली. उंच छपराच्या चर्चमध्ये ह्या पेट्यांनी ते काम निमूटपणे केले. आज त्या कपाटावर आडव्या टाकलेल्या दिसतात. आडव्या ठेवल्या की नेमके उलटे होते: आवाज बाजूच्या बाकांना कमी आणि छपराला जास्त.

अशी पेटी मिळाली तर सर्व ध्वनिवर्धक एकाच दिशेने हलतात की नाही हे पाहावे. दीड व्होल्टची एक साधी बॅटरी क्षणभर लावावी. एकाच खुणेचे टोक लावले असता प्रत्येक शंकू पुढे आला पाहिजे. एखादा मागे गेला तर कोणी तरी पूर्वी त्याच्या तारा उलट जोडल्या आहेत.

बडोदेकरांस आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. २०१९ च्या जुलैअखेर आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले, आणि खालच्या मजल्यावरील जुन्या वस्तू दिवसेंदिवस त्यात राहिल्या. पुरानंतर ज्या पेट्या उकिरड्यावर गेल्या त्यांतील काही तरी वाचविता आल्या असत्या. भिजलेल्या ध्वनिवर्धकास वीज लावून पाहू नये. ओला शंकू बोटाने पुसूही नये. तो त्या वेळी लगद्यासारखा असतो. शंकूचे तोंड वर करून, सावलीत, वारा खेळेल अशा जागी अनेक दिवस ठेवावा, उन्हात नव्हे, कारण उन्हाने कागद वेडावाकडा आखडतो. पूर्ण वाळल्यावर मऊ कुंचल्याने गाळ झाडावा आणि मग वर सांगितलेली बोटांची परीक्षा करावी. कागदी शंकू ह्यातून पुष्कळदा वाचतो. प्लायवुडची पेटी मात्र थर सुटल्याने बहुधा वाचत नाही, आणि ट्रान्सफॉर्मरवर तर विसंबूच नये.

रिकाम्या पेटीत आजकालचा बिनतारी ध्वनिवर्धक बसवून 'जुना रेडिओ' म्हणून मिरविण्याची एक पद्धत निघाली आहे. पेटी निदान घरात राहते, ह्यापुरते मला ते मान्य आहे. मात्र काढलेला मूळ ध्वनिवर्धक फेकू नये; कापडात गुंडाळून त्याच पेटीच्या तळाशी ठेवावा. तो परत बसविणारा कोणी पुढे निघेल.

दुरुस्ती पुरी झाल्यावर पहिल्या दिवशी आवाज लहान ठेवावा. फील्ड कॉइल असेल तर अर्ध्या तासाने तिच्या घरास बाहेरून, यंत्र बंद करून व तार भिंतीतून काढून, हात लावून पाहावा. कोमट लागणे ठीक, चटका बसणे ठीक नाही. नंतर एखादी ओळखीची तबकडी लावावी, शक्य तर एकट्या गळ्याची, तंबोऱ्यासह. तंबोऱ्याच्या सलग नादात घासण्याचा लहानसा दोषही लपत नाही.

आणि जुनी पेटी उघडताना आत नीट पाहावे. पोस्टातून पूर्वी मिळणाऱ्या रेडिओ परवान्याचा कागद, दुकानाची पावती, किंवा पूर्वीच्या दुरुस्त करणाऱ्याने लाकडावर पेन्सिलीने लिहिलेली तारीख पुष्कळदा सापडते. ती खरवडून काढू नये, आणि आपण काय बदलले, कोणती तार, कोणता कंडेन्सर, कोणत्या वर्षी, हे तिच्याच खाली लिहून ठेवावे. शाईने नव्हे, पेन्सिलीने. शाई पावसाळ्यात पसरते.